निंबाआप्पांचे ध्यान आणि ठकूबाईची गोधडी

मंडळी, जरा सरकून बसा, शाली नीट लपेटून घ्या. आजची कथा थंडीची आहे, आणि थंडीची कथा ऐकता ऐकता कोणी गारठलेले निवांत महाराजांना मुळीच खपायचे नाही.

बागलाणात डोंगराच्या कुशीत आमळी दिगर म्हणून एक गाव. त्या साली पौष लागता लागता महाराज तिथे आले आणि मारुतीच्या देवळाच्या ओवरीत मुक्कामाला राहिले. मागे डोंगर, पुढे नदी आणि मधल्या खोलगटात गाव, त्यामुळे आमळीची थंडी काय चीज आहे ते तिथे एक पौष काढल्याशिवाय कळायचे नाही. सकाळी कांद्याच्या पातीवरचे दव पांढरे होऊन बसे. माणसाने बोलायला तोंड उघडले की शब्दाआधी वाफ बाहेर पडे, आणि म्हातारी माणसे तर बोलायचेच टाळीत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी दचकायला नको. निवांत महाराजांना थंडी वाजत असे. होय, चांगली वाजत असे! साधू म्हटला की उघडाबंब, अंगाला राख, गार पाण्यात तासन्‌तास उभा, अशी आपली समजूत. महाराजांचे तसे काही नव्हते. डोक्याला कानटोपी, कानटोपीवर उपरणे, अंगात कापूस भरलेली बंडी, बंडीवर घोंगडे आणि पायात लोकरीचे मोजे. दर्शनाला येणाऱ्याला ओवरीत एक गाठोडे दिसे आणि गाठोड्यातून नाकाचा शेंडा. एकदा परगावचा एक भाविक मोठ्या श्रद्धेने आत आला आणि कोपऱ्यात पोते पांघरून ठेवलेल्या कडब्याच्या पेंढ्यांनाच साष्टांग नमस्कार घालून मोकळा झाला. महाराज पलीकडून म्हणाले, "पोचला नमस्कार. आता इकडे ये, गरम गवती चहा घे."

आंघोळ कढत पाण्याने. सकाळी ऊन ओवरीत आल्याशिवाय महाराज जागचे हलत नसत. उपदेश म्हणाल तर तोही तसाच. कोणी मोक्षाचे विचारायला आला की आधी त्याचे पाय बघत. पाय ओले असले तर म्हणत, आधी पाय कोरडे कर, मोक्ष कुठे पळून जात नाही. म्हाताऱ्यांना सांगत, पहाटे अंथरुणातून एकदम उठू नका, जरा बसा, अंग गरम होऊ द्या. बायाबापड्यांना सांगत, लेकरांचे कान झाका, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावा, आल्याचा काढा द्या. आणि एक गोष्ट तर ते रोज सांगत, इतकी की लोक ऐकून कंटाळले होते. ते म्हणत, "विस्तव हा पाहुणा आहे बाबांनो. त्याला अंगणात बसवा, ओट्यावर बसवा, पण दार-खिडकी लावून त्याच्याबरोबर झोपू नका." लोक मान डोलावत. ऐकत किती, ते पुढे कळेलच.

देवळाच्या मागच्या आळीत ठकूबाई राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही, तोंडात दात चार-दोन राहिलेले, पण हात मोठा गोड. हातात सुई असली की ती जगाशी बोलायची नाही, सुईशी बोलायची. गावात कोणाचे जुने लुगडे फाटो, धोतर विरो, ते ठकूबाईकडे यायचे आणि तिच्याकडून गोधडी होऊन परत जायचे. घेणे-देणे काही नाही. कोणी पायलीभर दाणे आणून दिले तर ठेवायची, नाही दिले तर आठवणही करायची नाही. तिची एक रीत मात्र होती. गोधडीचे शेवटचे टोक शिवून बंद करण्याआधी त्यात ती ज्वारीचे चार दाणे टाकायची. गोधडी उपाशी ठेवू नये, उपाशीपोटी ती दुसऱ्याला ऊब कुठून देणार, असे तिचे म्हणणे. लोक हसायचे. महाराजांनी मात्र ते ऐकले तेव्हा डोळे मिटून हात जोडले होते.

आणि आता निंबाआप्पांकडे येऊ. निंबाआप्पा म्हणजे गावचे बडे प्रस्थ. तरुणपणी आखाडा गाजवलेला, आता पोट सुटलेले, पण मिशा अजून आखाड्यातल्याच. मळा मोठा, धाब्याचे घर त्याहून मोठे, आणि गर्व सगळ्यांत मोठा. आप्पा माघस्नान करीत. करावे, पुण्यकर्मच ते. पण आप्पा पहाटे अंधारात गुपचूप जाऊन आले असते तर गावाला कळले कसे असते? म्हणून ते चांगले उजाडल्यावर नदीवर जात, मोठ्याने स्तोत्र म्हणत बुड्या मारीत आणि ओल्या पंच्याने, उघड्या अंगाने, गावच्या भर पेठेतून छाती काढून परत येत. वाटेत कोणी शेकोटीला बसलेला दिसला की थांबत.

"थंडी मनात असते," ते म्हणत. "मन मर्दाचं असलं की पौषातसुद्धा घाम येतो."

मग काय विचारता! आप्पांसमोर कानटोपी घालायची चोरी झाली. सत्तरीचे म्हातारे आप्पांची चाहूल लागली की टोपी काढून बगलेत दडवू लागले. शेकोटीभोवतीची माणसे उठून उभी राहायची आणि आपण सहजच इकडे आलो होतो असे दाखवायची. कोणी खोकू लागला तर खोकला गिळू लागला. आप्पांनी पुढे पेठेत एकदा मोठ्याने विचारले, की आमळीत गोधडी घेऊन निजतात ते पुरुष की बाळंतिणी? त्या दिवसापासून आक्रीतच घडले. लोक संध्याकाळी मान खाली घालून येत आणि ठकूबाईच्या ओट्यावर तिच्याच गोधड्या ठेवून जात. म्हणत, राहू दे माय तुझ्यापाशी, पुढे लागली तर नेऊ.

ओट्यावर गोधड्यांचा ढीग झाला. ऐन माघात, थंडीने गाव कडकडत असताना! ठकूबाई त्या ढिगाकडे बघत बसे. पलीकडच्या आळीतला सोनू म्हातारा रात्रभर कण्हायचा. पाटाजवळच्या बाळंतिणीचे पोर गारठून निळे पडायचे बाकी होते. तिने ओवरीत जाऊन महाराजांपाशी सगळे सांगितले, आणि सांगता सांगता तिच्या तोंडून निघून गेले, "एकदा त्या मेल्याला चांगली हुडहुडी भरू दे, मग कळेल."

महाराज म्हणाले, "ठकूमाय, दोन गोधड्या शीव. एकाच कापडाच्या, जुळ्या. एक मला दे."

"अन् दुसरी?"

"गावात ज्याला सगळ्यांत जास्त थंडी वाजते त्याला. निंबाआप्पाला."

ठकूबाईला वाटले महाराज चेष्टा करताहेत. पण महाराज हसत नव्हते. घरी येऊन तिने पेटारा उघडला. जुने कापड सगळे संपले होते. तळाशी एकच हिरवे लुगडे होते, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याने मालेगावहून आणलेले. मेल्यावर अंगावर घालायला म्हणून तिने ते जपून ठेवले होते. तिने ते बाहेर काढले, नाकाला लावले, थोडी रडली आणि मधोमध फाडले. दोन गोधड्या शिवल्या, दोन्हींच्या टोकांत चार-चार दाणे टाकले. आप्पाच्या गोधडीत दाणे टाकताना तिचा हात जरा आखडला होता, हे तिनेच मागाहून सांगितले. पण टाकले.

आप्पा चावडीवर पाच-दहा माणसांत बसले होते तेव्हा ती गोधडी घेऊन गेली. महाराजांनी दिली आहे एवढेच म्हणाली. आप्पांनी गोधडी दोन बोटांनी उचलली, सगळ्यांना दाखवली आणि अशी काही हसली सारी चावडी, की म्हातारीला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. आप्पा म्हणाले, तुझ्या महाराजाला सांग, हे माझ्या वासराला घालतो, त्याचीही थंडी मनातच आहे पण ते बिचारे मुके आहे. ठकूबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून परत आली. त्या दिवशी तिने सुई डबीत घालून ठेवली आणि ठरवले, आता नाही शिवायचे कोणासाठी.

आता मंडळी, चावडीला जे ठाऊक नव्हते ते तुम्हांला सांगतो. ती गोधडी वासराच्या अंगावर काही पडली नाही. ती आप्पांच्या घरात गेली. कारण काय? कारण निंबाआप्पांना थंडी वाजत असे. अशी वाजत असे की विचारू नका! नदीवरून घर येईपर्यंत ते मोठमोठ्याने स्तोत्र म्हणत, ते भक्तीने कमी आणि दात वाजल्याचे ऐकू जाऊ नये म्हणून अधिक. घरी आले की देवघराशेजारच्या खोलीत शिरत आणि आतून कडी लावत. गावाला सांगितलेले होते, की स्नानानंतर आप्पा ध्यानाला बसतात, आणि ध्यानात दार वाजवील त्याची जीभ झडेल. ते ध्यान कशाचे, तर निखाऱ्यांनी भरलेल्या घमेल्याचे. आप्पा घमेल्याला मांडीशी घेऊन बसत.

इतकी वर्षे हे निभावले ते आप्पांच्या मंडळींमुळे. त्या शहाण्या होत्या. नवऱ्याला कडी लावू दिली तरी माजघराच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवायच्या, आणि धाब्यातला झरोका उघडा आहे ना ते पाहायच्या. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना धूर जायला आणि उजेड यायला छतात हातभर झरोका ठेवतात, तो. बाहेर धूर दिसलाच तर शेजारणींना सांगायच्या, की आप्पांनी धूप घातलाय. पण या माघात त्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. घर आप्पांच्या हाती. आणि आप्पांना एकच धास्ती, झरोक्यातून धूर दिसला तर उद्या चावडीवर तोंड कसे दाखवायचे? खिडकीच्या फटीत त्यांनी चिंध्या कोंबल्या. दाराखाली घोंगडे लावले. राहिला झरोका. त्याला नेमके बसेल असे घरात काय होते, ते तुम्ही ओळखलेच असेल. ठकूबाईची हिरवी गोधडी आप्पांनी गुंडाळून त्यात गच्च बसवली. गर्वाला किती जागा लागते आणि हवेला किती, याचा हिशेब माणूस करत नाही तो असा.

माघी पौर्णिमेचा दिवस उजाडला. स्नानाचा शेवटचा दिवस, आणि थंडी अशी की रांजणातल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला. दुपारी देवळात महाप्रसाद होता. बाया ओवरीसमोर डाळ निवडत होत्या, पुरुष चुली मांडत होते. महाराज उन्हाच्या पट्ट्यात, ठकूबाईने दिलेली हिरवी गोधडी पांघरून बसले होते. ठकूबाई जवळच बसली होती. इतक्यात आप्पा नदीवरून आले. अंगावर फक्त ओला पंचा, ओठ जांभळे, पण छाती पुढे. देवळासमोर मुद्दाम थांबले.

"काय महाराज," ते म्हणाले, "आज पौर्णिमा. आज तरी देवाला तोंड दाखवाल का गोधडीतून?"

चार जण हसले. आप्पांच्या समोर हसावेच लागे. महाराज म्हणाले, "आप्पा, देवाला मी रोज दिसतो. तुम्ही घरी जा, अंग पुसा, आणि आज दार उघडं ठेवा."

आप्पांच्या तोंडावरचा रंग क्षणभर बदलला. मग ते मोठ्याने म्हणाले, की आज शेवटचे ध्यान आहे, प्रसादाची घंटा होईपर्यंत कोणी फिरकू नका, आणि तरातरा निघून गेले. ठकूबाईने बघितले, पेठेचे वळण आले तसे आप्पा जवळजवळ पळतच सुटले होते.

तासाभराने काय झाले ते ऐका. महाराज कथा सांगत होते. सांगता सांगता थांबले. त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आले. ते म्हणाले, "दार उघडा रे." लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण ओवरीला दारच नव्हते! तीन बाजूंनी मोकळी, वारा भणाणतोय. कोणीतरी म्हणाले, महाराजांना भास झाला असेल. मग महाराजांनी अंगावरच्या गोधडीचे टोक दोन्ही हातांनी धरले आणि ओढू लागले. गोधडी तर त्यांच्याच मांडीवर होती, कुठे अडकलेली नव्हती, आणि तरी ते ओढत होते. मान ताठ, पाय जमिनीला रेटलेले. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"ठकूमाय," महाराज म्हणाले, "हिची बहीण अडकलीय. हात लाव जरा."

ठकूबाईने चेष्टा समजून दुसरे टोक धरले. आणि धरताच तिचे हसू पळाले. गोधडी जड होती. विहिरीतून भरलेला पोहरा ओढावा तशी पलीकडून ओढ लागत होती. पलीकडे तर काहीच नव्हते, नुसती ओवरीची भिंत! तिने पदर खोचला, पाय रोवले. म्हातारी आणि महाराज दोघे मिळून ओढू लागले आणि सबंध गाव हसून लोळायचे बाकी राहिले. टर्रकन टोकाची शिवण उसवली, ओढ एकदम सुटली, आणि दोघेही मागे धाडकन आपटले. महाराजांची कानटोपी उडून डाळीच्या सुपात पडली.

सगळे हसत होते. महाराज उठून बसले होते, आणि ते हसत नव्हते.

"झरोका मोकळा झाला," ते म्हणाले. "आता पळा. आप्पाचं दार फोडा, खिडक्या उघडा, त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा. आत फार वेळ थांबू नका. पळ ठकूमाय, तू पुढे हो."

ठकूबाई पळाली. मागून पुरुष आले खरे, पण आप्पांच्या दाराशी येऊन सगळे थबकले. दाराशी आप्पांचा गडी बारकू उभा. तो म्हणाला, मालक ध्यानात आहेत, मागच्या वेळी मी खाकरलो तर मला दिवसभर उपाशी ठेवले, आणि दार वाजवणाऱ्याची जीभ झडेल असे सांगितलेय. पुरुष मागे सरकले. आणि खरे सांगायचे तर ठकूबाईचेही पाऊल अडले. तिला चावडीवरचे ते हसणे आठवले. दोन बोटांनी उचललेले, नवऱ्याने आणलेले तिचे लुगडे आठवले. एकदा त्या मेल्याला हुडहुडी भरू दे, हे आपलेच बोलणे आठवले. देवाने ऐकले की काय आपले? तेवढ्यात तिची नजर वर गेली. आप्पांच्या धाब्यावर हिरवी गोधडी पडली होती. कोणी उन्हात वाळत घालावी तशी, चारही टोके मोकळी सोडून. धाब्यावर चढायला शिडी नव्हती, वर माणूस नव्हता, आणि आतून घट्ट कोंबलेली गोधडी आपणहून वर चढून बाहेर येत नसते.

"माझे दात आधीच झडलेत," ठकूबाई बारकूला म्हणाली, "जीभ गेली तर गेली. सर बाजूला."

ओसरीत उखळाशेजारी मुसळ होते ते तिने उचलले आणि दारावर घातले. म्हातारीचा घाव तो केवढा, पण तो बघून पुरुषांना लाज वाटली. दोघा-तिघांनी खांदे लावले, आतली कडी तुटली, दार पडले. आत धूर असा दिसत नव्हता, पण शिरणाऱ्यांची डोकी गरगरली. मधोमध घमेल्यात निखारे लाल, आणि त्याच्या कडेला निंबाआप्पा आडवे पसरलेले. त्यांना पाय धरून, हात धरून अंगणात ओढत आणले. गाव गोळा झाले होते. आणि मग गावाने आप्पांना नीट पाहिले.

काय वर्णावे! डोक्याला कानटोपी, महाराजांच्या कानटोपीहून जाड. गळ्याला मफलर. अंगात दोन बंड्या, त्यांवर बायकोची लोकरीची शाल, शालीवर दुलई. पायात मोज्यांचे दोन जोड. आणि हातांत, मंडळी, हातांत बाळाच्या झबल्याच्या चिंध्यांचे हातमोजे, आप्पांनी स्वतः गाठी मारून केलेले! थंडी मनात असते म्हणणारा हाच तो पुरुष. पण कोणी हसले नाही. कारण आप्पा हलत नव्हते.

ठकूबाई त्यांच्या उशाशी बसली. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले, पदराने वारा घालू लागली आणि पुटपुटू लागली, "मी बोलले ते खरं नको करू रे मारुतीराया. मी रागानं बोलले. म्हाताऱ्या माणसाचा राग तो काय धरून बसायचा." तिच्या डोळ्यांतले पाणी आप्पांच्या मिशांवर पडत होते. बाया रडू लागल्या. बारकू तर हुंदके देत होता, कारण मालक कसाही असला तरी मालक तो.

महाराज सावकाश आले. त्यांनी आधी कानटोपी सुपातून काढून घातली होती, वहाणा घातल्या होत्या, कारण गार दगडावर अनवाणी धावायचे नाही हे त्यांनीच गावाला सांगितले होते. ते आप्पांपाशी बसले. आपली हिरवी गोधडी त्यांच्या अंगावर टाकली आणि छातीवर हात ठेवला.

"आप्पा," महाराज म्हणाले, "ध्यान झालं. उठा आता."

आणि काय सांगू! आप्पांनी मोठा श्वास घेतला. एक, मग आणखी एक. डोळे उघडले. भडाभडा ओकले. डोके गच्च धरून उठून बसले आणि समोर सबंध गाव बघितले. त्या माणसाला मरणातून परत आल्यावर पहिली काळजी कशाची वाटली असेल? त्यांनी घाईघाईने कानटोपी उपटून काढली आणि पाठीमागे लपवली!

आता मात्र गावाला राहवेना. आधी बारकू हसला, मग बाया, मग सगळे. आप्पांचे तोंड एवढेसे झाले. महाराजांनी त्यांच्या मागून कानटोपी काढून घेतली, पुन्हा त्यांच्या डोक्यावर घातली आणि दोन्ही कान नीट झाकले. मग लोकांकडे वळून म्हणाले, "हसू नका रे. थंडी वाजणं हा गुन्हा नाही. देह दिलाय देवानं, त्याला थंडी वाजणारच. आप्पांचा गुन्हा एकच. ते एकटे शेकले. ज्या उबेला दार लावून लपवावं लागतं ती ऊब जीव घेते."

आप्पा पुढे वाकून महाराजांचे पाय धरायला गेले. महाराजांनी पाय झटकन गोधडीत ओढून घेतले. म्हणाले, "बर्फासारखे हात आहेत तुमचे! आधी शेका, मग नमस्कार करा. आणि करायचाच तर आधी हिला करा. तुमच्या जिवासाठी हिच्या नवऱ्यानं आणलेलं लुगडं खर्ची पडलंय."

निंबाआप्पांनी ठकूबाईकडे पाहिले. त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले आणि लहान मुलासारखे रडले. ठकूबाई म्हणाली, "उठा आप्पा, अंग गारठेल."

त्या दिवशी प्रसाद झाल्यावर सोनू म्हाताऱ्यापासून पाटाजवळच्या बाळंतिणीपर्यंत सारे ठकूबाईच्या ओट्याशी आले, आपापली गोधडी मागायला. तिने प्रत्येकाला टोमणा मारला, प्रत्येकाला गोधडी दिली. ओटा रिकामा झाल्यावर महाराजांची उसवलेली गोधडी दुरुस्त करायला तिने डबीतून पुन्हा सुई काढली. उसवलेल्या टोकात बोट घातले तर दाणे हाताला लागेनात. तिने टोक उलटे केले. ज्वारीच्या चार लाह्या तिच्या ओंजळीत पडल्या, पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या. विस्तवाजवळ ही गोधडी कधी गेली नव्हती. ओवरीत तर महाराजांच्या उन्हाखेरीज काही नव्हते. ती किती तरी वेळ त्या लाह्यांकडे बघत बसली. महाराजांना नेऊन दाखवल्या तर महाराजांनी दोन तिला दिल्या, दोन आपण खाल्ल्या आणि म्हणाले, मीठ कमी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवरीत ऊन आले तेव्हा तिथे एका गाठोड्याऐवजी दोन गाठोडी बसली होती, मध्ये शेकोटी, आणि भोवती गावातले म्हातारे कानटोप्या घालून. परगावचा एक भाविक दर्शनाला आला. त्याने दोन्ही गाठोड्यांकडे पाहिले, जे मोठे दिसले त्याच्यापुढे गेला आणि साष्टांग लोटांगण घातले. कालपर्यंतचे निंबाआप्पा असते तर त्यांनी तो नमस्कार मिशीला पीळ देत घेतला असता. गाठोड्यातून मिशा बाहेर आल्या.

"उठा पाव्हणं," आप्पा म्हणाले. "माणूस चुकलं तुमचं. मी निंबा. मला थंडी फार वाजते म्हणून इथं बसलोय. महाराज ते पलीकडचे."

आणि पाहुण्याला वाट करून देत आप्पा स्वतःच पुढे सरकले. आधी शेकोटीवर दोन्ही हात चांगले शेकून घेतले, गालाला लावून पाहिले, आणि मग ते गरम हात महाराजांच्या पायांवर ठेवून त्यांनी मस्तक टेकवले. या वेळी महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.